गुंड कोणाला म्हणायचे?

विदर्भात 'गुंड' म्हणजे पाण्याचे भांडे. पितळेचा, तांब्याचा आणि आता बहुधा स्टीलचा. पोट गोल, गळा आखूड, काठ बाहेर वळलेला. पितळी भांड्यांसाठी भंडारा प्रसिद्ध आहे. लेकीच्या लग्नात आंदण द्यायच्या भांड्यांत गुंड, गंगाळ आणि कोपर ही नावे ठरलेली असत. नागपूरच्या हुडकेश्वर-नरसाळ्यासारख्या गावांचे शहर झाले, पण नळ पोचेपर्यंत तिथले पाणी टँकरवर आणि विहिरीवर होते. टँकरचा हॉर्न वाजला की घराघरातून एकच हाक उठे, 'गुंड आण बे, लवकर आण.' त्याच हुडकेश्वरात पोलीस ठाणे आहे, आणि त्या ठाण्याच्या हद्दीतली बातमी सकाळच्या वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यात 'कुख्यात गुंड' असतो. एकाच वस्तीत, एकाच घरात, एकाच उच्चाराने हे दोन्ही शब्द रोज बोलले जातात आणि कोणाचाही घोटाळा होत नाही.

भांड्याच्या गुंडाबद्दल कोणाची तक्रार नाही. दुसरा गुंड मात्र नागपूरच्या इतिहासात एकदा थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे टिकला नाही. त्या निकालाला आता ६० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही ज्या कारणासाठी न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला, ते कारण आपल्या वर्तमानपत्रांना, चौकातल्या गप्पांना आणि कधीकधी सरकारी कागदांनाही अजून पुरते उमगलेले नाही. म्हणून हा शब्द कुठून आला आणि कुठे पोचला, हे नीट सांगायला हवे.

मराठीत या शब्दाचे गोत मोठे आहे. सदऱ्याची गुंडी, दोऱ्याची गुंडाळी, चटई गुंडाळणे, गुंडाळून ठेवणे. सगळीकडे गोलपणा किंवा वळण आहे. संस्कृतात 'गुंडक' आहे, पण त्याचा एक अर्थ धूळ, भुकटी असा आहे. आपल्या गुंडीशी आणि गुंडाशी तो फारसा जुळत नाही. दक्षिणेकडे पाहिले तर जास्त जवळचे नातेवाईक भेटतात. कन्नड आणि तेलुगूत 'गुंडु' म्हणजे गोल वस्तू, गोटा, तोफेचा गोळा. तेलुगूत काळजाला 'गुंडे' म्हणतात आणि हिंमत म्हणायची झाली तरी त्याच शब्दाचा आधार घेतात. आमच्या मते मराठी गुंडाचे मूळ शोधणाऱ्याने आधी हा दक्षिणेचा दरवाजा ठोठावावा.

या शब्दात मुळात शिवी नव्हती, याची साक्ष माणसांची नावे देतात. आईबाप मुलाचे नाव ठेवताना शिवी निवडत नाहीत. दक्षिण महाराष्ट्रात गुंडो, गुंडोपंत, गुंडोजी, गुंडूबुवा ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालली. कर्नाटकात डी. व्ही. गुंडप्पा हे साहित्यातले मोठे नाव. १९८० ते १९८३ या काळात त्या राज्याचे मुख्यमंत्री होते आर. गुंडूराव. महाराष्ट्रात 'गुंड' हे आडनावही आहे आणि ते लावणारी माणसे तुमच्याआमच्यासारखी शेती, नोकरी, धंदा करतात. सगळ्यात मोठी साक्ष विदर्भातलीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू हे चक्रधरस्वामींचे गुरू; महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक. लोक त्यांना 'गुंडम राऊळ' म्हणत. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांच्या नावावर असलेल्या ग्रंथात आहेत आणि जुन्या मराठी गद्यात त्या ग्रंथाची गणना होते. ज्या रिद्धपुरात ते वावरले तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेराव्या शतकात वऱ्हाडातली माणसे ज्याच्या पायावर डोके ठेवत त्याला 'गुंडम' म्हणत होती, ही गोष्ट नागपूरच्या माणसाने विसरू नये.

गोल गोट्यापासून दांडग्या माणसापर्यंत हा शब्द कसा गेला असेल? इथे पुरावा संपतो आणि तर्क सुरू होतो, हे आधीच सांगतो. उत्तर कर्नाटकात सणाला भला मोठा गोल दगड उचलण्याची शर्यत लागते, आणि त्या दगडालाही गुंडूच म्हणतात. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या तालमींतही दगडी गोटी उचलणारा पोरगा गावाचा अभिमान असे. दगडाचे नाव दगड उचलणाऱ्याला चिकटले असेल, अंगाने गोलमटोल, आडदांड पोराला लाडाने ते नाव पडले असेल. अंगात ताकद असलेल्या माणसाची दोन रूपे गावाने नेहमीच पाहिली आहेत. एक जत्रेत कुस्ती मारणारा, दुसरा बाजारात धाक दाखवणारा. 'गावगुंड' हा शब्द त्या दुसऱ्याचा.

उत्तरेत या शब्दाला वेगळीच झळाळी होती. जयशंकर प्रसाद यांची 'गुंडा' ही हिंदी कथा १७८१ सालच्या काशीत घडते. वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला कोंडीत पकडले, तो हा काळ. कथेचा नायक नन्हकू सिंह प्रौढ वयाचा, तालेवार घरचा, पण सगळे उधळून काशीच्या रस्त्यांवर तलवार घेऊन फिरणारा. शेवटी तो राजाच्या कुटुंबाला वाचवताना इंग्रजांच्या शिपायांशी लढून मरतो. प्रसादांच्या काशीत असा माणूस गरिबाला मदत करतो, शरण आलेल्यावर हात उचलत नाही, शब्दाला जागतो. कथा ही कथाच. पण विसाव्या शतकात लिहिणाऱ्या एवढ्या मोठ्या लेखकाला या नावात शौर्य दिसू शकले, एवढे त्यातून नक्की कळते.

नागपूरच्या पूर्वेला छत्तीसगडाकडे आणखी एक व्युत्पत्ती ऐकू येते. १९१० मध्ये बस्तरमध्ये भूमकाल नावाचा आदिवासींचा उठाव झाला. नेतानार गावचा धुरवा पुढारी गुंडाधूर त्याच्या अग्रभागी होता. इंग्रजांना तो सापडला नाही आणि त्यांनी रागाने त्याच्या नावावरून बंडखोरांना 'गुंडा' म्हणायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या मनातला आदर आम्हाला समजतो. पण शब्द त्या उठावाच्या कितीतरी आधीपासून हिंदीत होता. शिवाय गुंडाधूरचे नाव त्याच्या घरच्यांनी ठेवले होते. तो उठावाचा पुढारी झाला तेव्हा ते त्याच्यासोबत होतेच. गुंडाधूरला या व्युत्पत्तीची गरज नाही. बस्तर त्याला त्याच्या कामासाठी ओळखतो.

शब्द खरा अडचणीत आला तो सरकारने हाती घेतल्यावर. १९२३ साली बंगालमध्ये 'गुंडा कायदा' झाला. कलकत्त्यातून माणसे हद्दपार करण्यासाठी तो होता, आणि परप्रांतातून पोटासाठी आलेल्यांवर त्याचा शिक्का चटकन बसे. कायद्याला व्याख्या लागते. बंगालच्या कायद्याने सांगितले की गुंडा या शब्दात 'हूलिगन' आणि तसला कोणताही दांडगट येतो. आता हा 'हूलिगन' कोण? तो लंडनच्या रस्त्यावरचा बोलीतला शब्द. १८९८ च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि बहुधा एका आयरिश आडनावावरून तो आला. म्हणजे काशी-कलकत्त्याच्या बोलीतल्या एका शब्दाचा अर्थ लंडनच्या बोलीतल्या दुसऱ्या शब्दाने सांगितला गेला. माणसाने नेमके काय केले म्हणजे तो गुंडा ठरतो, ते मात्र कुठेच आले नाही.

मग पाळी आपली. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी. १९४६ साली या प्रांताचा स्वतःचा गुंडा कायदा झाला. त्या वर्षाचा दहावा कायदा. त्याची व्याख्याही त्याच वळणाची होती. गुंडा म्हणजे हूलिगन, दांडगट किंवा भटक्या, आणि सार्वजनिक शांततेला धोकादायक असलेला माणूसही त्यात धरावा. 'भटक्या' हा शब्द वाचताना थांबायला हवे. ज्या प्रांतात पारध्यांपासून बंजाऱ्यांपर्यंत कितीतरी समाज पिढ्यान्‌पिढ्या फिरत जगत होते, तिथे फिरत असणे हाच गुंडपणाचा एक प्रकार ठरत होता. जिल्हाधिकाऱ्याला अशा माणसावर निर्बंध घालण्याचे, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर त्याला हद्दीबाहेर काढण्याचेही अधिकार मिळाले.

राज्यघटना आली, प्रांत मोडले, विदर्भ महाराष्ट्राच्या वाटेला लागला आणि हा कायदा मध्य प्रदेशात चालू राहिला. तिथे बलदेव प्रसाद नावाच्या माणसाला हद्दपारीचा हुकूम मिळाला आणि त्याने कायद्यालाच आव्हान दिले. उच्च न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये तिथेही हरले. निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, जन्माने साताऱ्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश. त्यांचा मुद्दा साधा आणि खोल होता. ज्याला गावाबाहेर घालवायचे तो माणूस गुंडा आहे की नाही, हे आधी ठरवण्याचे बंधन कायदा अधिकाऱ्यावर टाकत नाही. मी गुंडा नाही, हे सिद्ध करण्याची पुरेशी संधी त्या माणसाला देत नाही. आणि व्याख्या अशी की तिच्यावरून अधिकाऱ्याला कोणतीही कसोटी मिळत नाही. देशात कुठेही फिरण्याचा, कुठेही राहण्याचा नागरिकाचा हक्क इतक्या सैल शब्दावर काढून घेता येणार नाही. राज्याला समाजकंटकांना आवरण्याचा अधिकार नाही, असे न्यायालय म्हणाले नव्हते. अधिकार वापरायचा तर आधी माणसाने काय केले ते सांगा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

त्यानंतरच्या कायद्यांनी हा धडा बऱ्याच अंशी घेतला. तमिळनाडूच्या १९८२ च्या कायद्याला तिथे आजही 'गुंडास ॲक्ट'च म्हणतात. महाराष्ट्राने मात्र १९८१ साली जो कायदा केला, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात, त्यात गुंडाच्या जागी 'धोकादायक व्यक्ती' असा वर्ग नंतरच्या दुरुस्तीने आला. त्याची व्याख्या पाहा. एकट्याने किंवा टोळीने, सवयीने, दंडसंहितेच्या ठरावीक प्रकरणांतले शरीराविरुद्धचे किंवा मालमत्तेविरुद्धचे गुन्हे किंवा शस्त्र कायद्यातले गुन्हे करणारा. 'सवयीने' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा भांडण केले म्हणून कोणी धोकादायक व्यक्ती होत नाही. या कायद्याखाली खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते, म्हणून सल्लागार मंडळापुढे प्रकरण जाते. कायदा कडक आहे, त्याच्या वापरावर वादही होतात; पण तो निदान कृत्यावर बोट ठेवतो.

याच कायद्याला बातम्यांत 'झोपडपट्टीदादा कायदा' म्हणण्याची रीत पडली आहे, आणि इथे भाषेने पुन्हा माती खाल्ली. मूळ कायद्यातला 'स्लमलॉर्ड' म्हणजे जमिनी बेकायदा बळकावून त्यांवर झोपड्या उभारणारा, त्या भाड्याने देणारा किंवा विकणारा. झोपडीत राहणारा माणूस हा त्याचा बळी. 'झोपडपट्टीदादा' म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र झोपडपट्टीत राहणारा कोणी दांडगट पोरगा उभा राहतो. लुटणारा अदृश्य झाला आणि लुटला जाणारा बदनाम झाला. 'दादा' या शब्दाची तर दयाच येते. थोरला भाऊ, त्याच्या नावात सगळा आधार आणि माया. त्या शब्दाला 'गिरी' लागून धाक आला. मुंबईच्या 'भाई'चेही तेच झाले. आमच्या नागपुरात पोरे एकमेकांना सहज म्हणतात, 'लय भाईगिरी करून राहिला बे.' त्यात बहुतेकदा गंमत असते. पण कोवळ्या वयाच्या पोराला हे नाव हवेहवेसे वाटू लागले, वाढदिवसाच्या बॅनरवर 'भाई' छापून हवे झाले, की गंमत संपते.

तडीपारीचेही असेच. नदीच्या तडीपार, म्हणजे काठापलीकडे घालवणे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५, ५६ आणि ५७ खाली ती होते आणि दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही. २०२२ साली जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे. ती माणसाच्या फिरण्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालते आणि काही वेळा त्याची रोजीरोटीही तोडते, म्हणून कारणे ठोस हवीत. १९६० च्या निकालाशी हे सरळ जोडलेले आहे.

हे सगळे मांडताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यांनी खऱ्या गुंडाखाली दिवस काढले, त्यांच्यापुढे व्याख्येचा काथ्याकूट करणे क्रूर वाटू शकते. नागपूरच्या कस्तुरबानगरात अक्कू यादव नावाच्या माणसाची दहशत वर्षानुवर्षे होती. खून, बलात्कार, खंडणी असे आरोप त्याच्यावर होते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वस्तीतल्या बायकांच्या जमावाने त्याला ठार केले. पुढे २०१४ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्या बायकांनी पोलिसांकडे तक्रारी नेल्या होत्या. त्यांना संरक्षण मिळाले नाही. तो माणूस गुंड होता हे सगळ्या वस्तीला ठाऊक होते, पोलिसांनाही होते. मग कमी काय पडले? एकेक गुन्हा नोंदवणे, साक्षीदार जपणे, खटला उभा करणे. आमचा मुद्दा तिथेच येऊन थांबतो. 'गुंड' म्हटल्याने कोणी वाचत नाही. त्याने मंगळवारी कोणाच्या दारात काय केले, हे कागदावर आले तरच पुढचे काही होते.

नावाने माणसे बिघडवण्याचा अनुभव या देशाला नवा नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि समाजचे समाज जन्माने गुन्हेगार ठरले. 'भामटा' हे एका समाजाचे नाव; आज मराठीत तो ठकाला लावायचा शब्द आहे, आणि राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत 'राजपूत भामटा' हे नाव आजही आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याचा शिक्का पुसला गेला, बोलीतला पुसला गेला नाही. ज्या वस्त्यांवर हा इतिहास गेला आहे, त्यांतली मुले 'संशयित' म्हणून आधी उचलली जातात, हे नागपूर परिसरात काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारावे.

आता आमच्याच व्यवसायाकडे. गुन्हेवृत्ताच्या पानावर 'गुंड'च्या आधी 'कुख्यात' जवळपास आपोआप येते. पहिलाच गुन्हा दाखल झालेला १९ वर्षांचा मुलगाही दुसऱ्या दिवशी कुख्यात होतो. 'सराईत' हा शब्दही तसाच सढळ हाताने पडतो, आधी किती गुन्हे होते आणि किती सिद्ध झाले ते पाहिले न जाता. पुढे तो सुटला तर ती बातमी आतल्या पानावर दोन ओळींची, किंवा मुळीच नाही. त्याच्या घरच्यांनी, शाळेतल्या मास्तरांनी, उद्या नोकरी देणाऱ्याने वाचलेली असते ती पहिलीच. मोठ्या बिल्डरवर जमीन बळकावल्याचा गुन्हा दाखल होतो तेव्हा तो 'व्यावसायिक' असतो आणि मानेवाड्याच्या झोपडीतला पोरगा 'गुंड'. दोघांवरची कलमे शेजारी ठेवून पाहिली तर हा फरक गुन्ह्यावर ठरत नाही, हे कळते. तो राहत्या जागेवर आणि आडनावावर ठरतो.

भाषेला पर्याय सापडत नाहीत, असे नाही. अल्पवयीन मुलांसाठी कायद्याने 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द आणला. तो बोजड आहे, जिभेवर बसत नाही, तरी वर्तमानपत्रांनी तो स्वीकारला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाची ओळखही छापता येत नाही. मुलांच्या बाबतीत जमले ते मोठ्यांच्या बाबतीत जमायला हरकत नसावी, आणि त्यासाठी नवा बोजड शब्दही लागत नाही. चाकू दाखवला तर 'चाकू दाखवला' लिहावे. खंडणी मागितली तर किती आणि कोणाकडे, ते लिहावे. आरोपपत्र आहे की शिक्षा झाली, ते लिहावे. आधीचे गुन्हे असतील तर त्यांचा निकाल काय लागला तेही लिहावे. न्यायालयाने सवयीचा गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला गुंड म्हणण्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा, बेसा हा पट्टा झपाट्याने वाढतो आहे. जमिनीचे भाव चढताहेत, आणि जमीन चढते तिथे ताबा घेणारे, दमदाटी करणारे येतातच. तिथल्या रहिवाशांना संरक्षण हवे आहे आणि ते मिळायलाच हवे. आमची त्यांना विनंती आहे: कोणी धमकावले तर 'अमका गुंड आहे' एवढ्यावर थांबू नका. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठाण्यात तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. ठाण्याने ती नोंदवली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी द्या. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडे जे मागितले होते, तेच आज आपण नागरिकांनी, पोलिसांनी आणि पत्रकारांनी एकमेकांकडे मागावे.